पुराच्या बोटीतलं पेट्रोल किती महिने टिकतं? ई-२० च्या वादात राहून गेलेला प्रश्न

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, देशभर वाद रंगला. गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतं का, जुन्या इंजिनाचं काय होतं, विमा कंपनी हात वर करेल का, असे प्रश्न विचारले गेले. पेट्रोलियम मंत्रालयाला खुलासे करावे लागले. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपावर मिळावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती फेटाळली.

हा सगळा वाद रोज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा होता. त्यांच्या टाकीतलं पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत संपतं, ते जुनं व्हायला वेळच मिळत नाही. पण सांगली आणि सातारा जिल्ह्यांत महिनोन् महिने नुसतं पडून राहणारं पेट्रोलही बरंच आहे. नदीकाठच्या गावातल्या यांत्रिक बोटीत, बागेतल्या पाठीवरच्या फवारणी यंत्रात, ब्रश कटरमध्ये, दुकानाच्या जनरेटरमध्ये, तापोळ्याच्या स्पीड बोटीत. हे पेट्रोल किती काळ वापरण्याजोगं राहतं आणि इथेनॉलमुळे त्यात काय बदललं, याची चर्चा जवळपास झालीच नाही. फवारणी यंत्राचं एक वेळ ठीक आहे. दोरी ओढून ओढून हात दुखेल, मेकॅनिकला चार पैसे जातील. बोटीचं तसं नाही.

साठा करायचाच कशाला?

पंप आता गावोगाव आहेत, मग पेट्रोल साठवायची गरज काय, असं कोणी विचारेल. याचं उत्तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शहराचा मोठा भाग आणि मिरज, पलूस, वाळवा, शिराळा तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याने वेढली. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. टँकर येईनात म्हणून कोल्हापुरात होतं ते पेट्रोल बचावकार्यासाठी राखून ठेवायची वेळ आली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, आयर्विनला पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेलं. त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटले.

म्हणजे बोटीला पेट्रोल लागतं नेमकं त्याच दिवशी पंप पाण्यात असतो, नाहीतर पंपाकडे जाणारा रस्ता पाण्यात असतो. आधी भरून ठेवलेला कॅन हाच काय तो आधार.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जण बुडाले, त्यात बायका-मुलंही होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. इंधनाचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता. पण बाहेरची पथकं पोहोचेपर्यंत गावाला गावातल्याच बोटीवर विसंबावं लागतं, हे त्या दिवशी सगळ्या नदीकाठाला कळलं. त्यानंतर अनेक गावांना यांत्रिक बोटी मिळाल्या. पावसाळ्याच्या तोंडावर कृष्णेत त्यांची रंगीत तालीम होते, फोटो छापून येतात.

अशा बोटीचं वर्ष कसं जातं ते बघा. मे-जूनमध्ये तालीम. जुलै-ऑगस्टमध्ये पूर आला तर काम, नाही आला तर नुसतं थांबणं. मग पुढचे आठ-नऊ महिने शेडमध्ये. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच राहतं. पुराविना दोन वर्षं गेली तर तेच पेट्रोल दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढतं.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे काय होतं?

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. हलक्या आणि जड अशा शेकडो हायड्रोकार्बन्सचं ते मिश्रण असतं. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. इंजिन थंड असताना पेटायला हेच घटक लागतात. ते गेले की पेट्रोल दिसायला तसंच असतं, वासही येतो, पण इंजिन चालू होत नाही.

दुसरी गोष्ट हवेतल्या ऑक्सिजनची. पेट्रोलमधले काही घटक ऑक्सिजनशी हळूहळू जोडले जातात आणि त्यातून डिंकासारखा चिकटा तयार होतो. उष्णता, ऊन आणि तांब्या-पितळेचा स्पर्श यांनी ही क्रिया वेगाने होते. रिफायनरीत ती लांबवणारी रसायनं घातलेली असतात, पण ती कायमची पुरत नाहीत. हा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे थोडासाही चिकटा पुरतो. पेट्रोल गडद झालं आणि त्याला वार्निशसारखा आंबूस वास यायला लागला की समजावं, ते गेलं.

किती दिवसांत? बीपी या तेल कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांसाठी एक ढोबळ हिशेब दिला आहे. सावलीत, हवाबंद डब्यात पेट्रोल सुमारे वर्षभर टिकतं. डबा एकदा उघडला की २० अंश तापमानात सहा महिने आणि ३० अंशात तीन महिने. आता जत, आटपाडी किंवा माणमधलं पत्र्याचं शेड डोळ्यासमोर आणा. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ३८-४० अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे उघडलेला कॅन तीन महिनेही धरू नये.

इथेनॉलने काय बदललं?

साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. ते तळाशी जाऊन बसतं आणि तसंच काढून टाकता येतं. जुने मेकॅनिक कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला करून पाणी सोडून द्यायचे, ते याच जोरावर. इथेनॉलचं मात्र पाण्याशी सख्य आहे. ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि पाणी पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं. एका मर्यादेपर्यंत हे चांगलंच, कारण थोडं पाणी इंजिनात जळून निघून जातं. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि खाली वेगळा थर करून बसतात.

१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण एक चमचा, म्हणजे ५ मिलीच्या आसपास, पाणी विरघळून राहतं. ई-२० ची क्षमता त्याहून जास्त आहे. त्यामुळे ई-२० चे थर लगेच होतात, ही समाजमाध्यमांवरची भीती तितकीशी खरी नाही. घट्ट झाकणाच्या, भरलेल्या डब्यात नुसत्या दमट हवेने थर व्हायला खूप वेळ लागतो. पण दोन गोष्टी ई-२० च्या विरोधात जातात. एक, थर झालाच तर तो मोठा असतो. पाच लिटरमध्ये एक लिटर इथेनॉल आहे आणि त्यातलं बरंचसं खाली जातं. दोन, इथेनॉल गेल्यावर वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरतो. म्हणजे खालचं तर गेलंच, वरचंही धड राहत नाही. शिवाय पेट्रोल गार झालं की पाणी धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते. दुपारी एकजीव दिसणारं मिश्रण पावसाळी पहाटे फुटू शकतं.

इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी बहुतेक वेळा टाकीच्या तळातून निघते. त्यामुळे आधी ओढला जातो तो हाच खालचा थर. टू-स्ट्रोक इंजिनात हे फार महागात पडतं. ब्रश कटर, पाठीवरची बरीच फवारणी यंत्रं आणि जुनी बोट-इंजिनं यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, तेच इंजिनाचं वंगण. ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, खालच्या पाणी-इथेनॉलमध्ये ते विरघळत नाही. तो थर इंजिनात गेला तर सहसा इंजिन चालूच होत नाही. झालंच तर ते वंगणाविना चालतं आणि पिस्टन जाम होतो. गिऱ्हाईक म्हणतं ऑइल बरोबर टाकलं होतं, मेकॅनिक म्हणतो टाकलंच नव्हतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

एकाच जिल्ह्यात दोन शत्रू

सातारा जिल्ह्याचा नकाशा इथे कामाला येतो. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला माण-खटावमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही मुश्किलीने. माण, खटाव आणि सांगलीतल्या जत-आटपाडीत पेट्रोलचा शत्रू उष्णता आहे. हलके घटक उडतात, चिकटा होतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणमध्ये शत्रू पाणी आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोलीचे बोट क्लब पावसाळ्यात बंद असतात, म्हणजे तिथल्या बोटी वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यांतच उभ्या असतात. (डिझेलच्या लाँचना हा इथेनॉलचा त्रास नाही.) अर्धी रिकामी टाकी सगळ्यात वाईट. रात्री गारव्याने आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब धरते, थेंब खाली उतरतात, दिवसा नवी दमट हवा आत येते. रोज थोडं थोडं.

ज्यांचा ऊस, त्यांचंच पेट्रोल

या गोष्टीला एक स्थानिक पदर आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. उत्तर प्रदेशात बरेली, महाराष्ट्रात मनमाड आणि मिरज. तेव्हा प्रमाण ५ टक्के होतं. जानेवारी २००३ पासून ते नऊ राज्यांत लागू झालं. मग बरीच वर्षं गाडी रखडली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला आणि २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच पूर्ण झालं. पहिल्या ५ ते १० टक्क्यांना वीस वर्षं, पुढच्या १० टक्क्यांना तीन. यंत्रांना, त्यांच्या मालकांना आणि नियमांना जुळवून घ्यायला मिळालेला वेळ तेवढाच.

या भागातला शेतकरी इथेनॉलच्या विरोधात असण्याचं कारण नाही. रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर अशा कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत आणि उसाची बिलं वेळेवर निघायला इथेनॉलचे पैसे उपयोगी पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक मर्यादा घातली, तेव्हा कारखान्यांची किती धावपळ झाली ते इथे सगळ्यांनी पाहिलं आहे. प्रश्न इथेनॉल असावं की नसावं हा नाहीच. पडून राहणाऱ्या यंत्रांसाठी काही वेगळी सोय हवी की नको, हा आहे.

इतर देशांनी ही सोय ठेवली आहे. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल २००१ नंतरच्या मोटारींना चालतं. बोटी, मोटारसायकली आणि गवत कापायची यंत्रं यांत ते घालायला तिथल्या पर्यावरण संस्थेने मनाई केली आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के सर्वत्र केलं, पण जुन्या यंत्रांसाठी महागड्या दर्जात ५ टक्क्यांचं पेट्रोल ठेवलं. ब्राझील तर आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, तरी तिथलाही एक अनुभव बोलका आहे. इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना थंडीत चालू होण्यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची. ती क्वचितच वापरली जायची, म्हणून तिच्यातलं पेट्रोल शिळं होऊन नेमक्या गरजेच्या सकाळी दगा द्यायचं.

आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळत राहावं, असा मुद्दा होता. तो मागे पडला. बहुतेक परदेशी बनावटीच्या आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. आपल्या पंपावर २० टक्के आहे. १०० ऑक्टेनचं इथेनॉलविरहित पेट्रोल काही मोठ्या शहरांत ठरावीक पंपांवर मिळतं, पण लिटरला दीडशे रुपयांच्या वर. शौकिनांच्या गाड्यांसाठी ते मिळतं आणि पुराच्या बोटींसाठी मिळत नाही, हे मला उलटं वाटतं. जिल्ह्यातल्या सगळ्या बचाव बोटींना पावसाळ्यापुरतं लागणारं पेट्रोल एका टँकरपेक्षाही कमी भरेल. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तेल कंपनीकडे तेवढी मागणी करावी, यात अशक्य काही दिसत नाही.

घरात किती ठेवता येतं?

कायदा स्पष्ट आहे, पाळला मात्र जात नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार पेट्रोल 'अ' वर्गात येतं. विक्रीसाठी नसेल तर एका ठिकाणी ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिक नाही. प्रत्यक्षात वाड्या-वस्त्यांवर पेट्रोल कशात असतं, तर खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये किंवा थंड पेयाच्या बाटलीत. अशा प्लास्टिकमधून हलके घटक पाझरत राहतात, झाकण नीट बसत नाही आणि ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. पडवीतल्या कॅनची वाफ देवघरातल्या समईपर्यंत पोहोचू शकते.

पंपवाल्यांना बाटलीत पेट्रोल देता येत नाही आणि शेतकऱ्याला फवारणी यंत्र पंपावर नेता येत नाही. यातून रोज वाद होतात. झाकणाला रबरी वायसर असलेला पत्र्याचा चांगला कॅन हाच यातला सरळ मार्ग. तो ग्रामपंचायतीलाही परवडतो.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे साठा फिरता ठेवायचा. कॅनवर भरल्याची तारीख खडूने नाही, रंगाने लिहायची. बोटीसाठी जूनच्या सुरुवातीला ताजं पेट्रोल घ्यायचं आणि ऑक्टोबरमध्ये उरलेलं दुचाकीत, ग्रामपंचायतीच्या दुसऱ्या यंत्रांत घालून संपवायचं. यात अडचण रसायनाची नाही, हिशेबाची आहे. पूर आलाच नाही तर पेट्रोल कुठे गेलं, असं लेखापरीक्षणात विचारलं जाणार, या धास्तीने ते कॅनमध्येच ठेवलं जातं आणि पुढच्या जूनला तेच बोटीत ओतलं जातं. साठा दरवर्षी बदलायचा, असा एक ठराव आधीच करून ठेवला तर हा पेच सुटतो.

पावसाळ्यात बोटीचं इंजिन दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं तरी चालवावं, कूलिंगला पाणी देऊनच. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही, म्हणून चिकटाही होत नाही. फवारणी यंत्र आणि ब्रश कटरलाही हाच नियम. ऑइल मिसळलेलं पेट्रोल तर लागेल तेवढंच तयार करावं. कॅन सावलीत, जमिनीपासून थोडा वर ठेवावा आणि जवळपास भरलेला असावा. फुगायला वर थोडी जागा सोडली म्हणजे झालं.

इंधन टिकवणारी द्रावणं ऑनलाइन मिळतात. ती उपयोगी आहेत, पण ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्याच दिवशी घातली तर. शिळं झालेलं पेट्रोल ती परत ताजं करत नाहीत आणि पाणीही काढत नाहीत. दुकानदार काहीही सांगो.

शंका असेल तर मोकळ्या जागेत, विस्तवापासून लांब, कॅनच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून अर्धा तास ठेवावं. दोन थरांमधली रेघ दिसली तर ते पेट्रोल कोणत्याही इंजिनात घालायचं नाही. हलवून एकजीव करून पुन्हा वापरायचा मोह होतो. तासाभरात ते पुन्हा फुटतं. रेघ नाही, फक्त पेट्रोल जुनं आहे आणि त्यात ऑइल नाही, तर भरलेल्या टाकीत दहाव्या हिश्श्याइतकं मिसळून दुचाकी-चारचाकीत संपवता येतं. बोटीत मात्र तेही नको. थर झालेलं पेट्रोल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये, चुलीवर किंवा शेकोटीवर तर मुळीच नाही. ते बंद डब्यात गॅरेजमध्ये द्यावं, जिथे जळकं ऑइल गोळा करणारे येतात.